प्रस्तावना : आणलेली, नेलेली आणि सोडलेली पुस्तकं

मुंबई-ठाण्याचा वाचक रात्री मोबाईलवर पुस्तक मागवतो आणि परवा सकाळी ते दारात येतं, तेव्हा ते बऱ्याच वेळा भिवंडीहून आलेलं असतं. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही मूळची भाताची, खाडीकाठची गावं. मुंबईची जकात चुकवता यायची, ग्रामपंचायतीचे कर किरकोळ होते आणि नाशिक महामार्ग हाताशी होता, म्हणून बघता बघता तिथे गोदामं उभी राहिली. २०१७ साली जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टचा माल इथून हलतो आणि मुंबईत जागेचं भाडं न परवडणाऱ्यांचे गठ्ठेही इथेच येऊन पडतात. कादंबरी, मिक्सर आणि बुटांचा जोड एकाच मांडणीवर शेजारी शेजारी असतात, कारण तिथे पुस्तकाचा विषय कोणी बघत नाही. बघतात ती फक्त बारकोडची पट्टी, आकार आणि वजन.

तरीही भिवंडी आणि पुस्तकं हे शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा हसतो. भिवंडी म्हटलं की त्याला यंत्रमागांची खडखड, खड्डे, वाहतूक कोंडी आणि १९७० व १९८४ च्या दंगली आठवतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. पुढच्या पानांतले लेख ग्रंथप्रेमी माणसांबद्दल आहेत. त्यांनी पुस्तकं कशी जमवली, कुणाकडून नेली, कुणाला दिली आणि ती हातची कशी गेली, हा त्यांचा विषय. प्रस्तावनेत प्रत्येक लेखाचा गोषवारा देऊन लेखकाची पाठ थोपटण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळणार नाही. लेख वाचकाच्या हातातच आहेत, ते त्याने वाचावेत. मला या विषयाच्या एका दुर्लक्षित बाजूबद्दल बोलायचं आहे.

पुस्तकवेडावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. सतीश काळसेकरांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोविंद तळवलकरांनी ‘वाचता वाचता’मधून कित्येकांना वाचायची गोडी लावली. अरुण टिकेकर तर जुन्या ग्रंथांच्या मागावर असलेले पत्रकार म्हणूनच ओळखले जात. पण या लेखनाचा बहुतेक भाग मिळवण्याचा आहे. दुर्मीळ प्रत कुठल्या पदपथावर सापडली, घासाघीस करून कितीला पटवली, घरी नेताना काय वाटलं, हे सगळे रंगून सांगतात. त्या प्रतीचं पुढे काय झालं, ती कुणाला दिली, की गेली कुठल्या तरी टेम्पोत बसून, हे सांगायला फारसं कोणी बसत नाही. माझं म्हणणं असं की ग्रंथप्रेमाची परीक्षा तिथेच होते. घेणं हौसेचं असतं, सोडताना मात्र विचार करावा लागतो.

आधी भिवंडीचं वाचन. इथे शंभरी केव्हाच ओलांडलेलं वाचन मंदिर आहे, हे मराठी वाचकाला निदान ऐकून माहीत असतं. त्याला सहसा माहीत नसतं ते हे, की १९४९ च्या मे महिन्यात अखिल भारतीय प्रगतिशील लेखक संघाचं अधिवेशन याच गावात भरलं होतं. उर्दू साहित्याच्या इतिहासात ‘भीमडी कॉन्फरन्स’ म्हणून जिचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो ती हीच. त्या अधिवेशनातला जाहीरनामा फार कडक होता. त्यातून लेखकांत फाटाफूट झाली आणि पुढची अनेक वर्षं त्यावर वाद चालले. दिल्ली-लखनौच्या समीक्षकांना भिवंडीचं नाव यंत्रमागामुळे नव्हे तर या वादामुळे माहीत आहे. आपल्याला, पंधरा किलोमीटरवरच्या ठाण्यात बसून, ते माहीत नसतं. मराठी आणि उर्दू वाचकांची कपाटं एकाच गल्लीत असतात, पण एकाच्या कपाटात काय आहे याची दुसऱ्याला खबर नसते.

डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा अखिल भारतीय पुस्तक मेळा रईस हायस्कूलच्या मैदानावर भरला. नोटाबंदीला महिना-सव्वा महिना झाला होता, एटीएमपुढे रांगा होत्या, यंत्रमागवाल्यांचे पगार अडले होते. अशा वेळी पुस्तकांचा मेळा भरवणं हे धाडसच. तरी तो भरला. तिकडे पद्मानगरात तेलंगणातून आलेल्या विणकरांची वस्ती आहे, त्यांच्या घरात तेलुगू पुस्तकं आहेत. गुजराती व्यापाऱ्यांच्या घरात गुजराती आहेत. या गावातल्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात हात घालाल तर तीन-चार लिप्या हाताला लागतात, आणि रद्दीवाल्याला त्यातली एकही वाचावी लागत नाही.

संग्रह करण्याबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण पुढे त्याबद्दल भरपूर आहे. आपल्याकडच्या ग्रंथसंग्रहाचा विषय बाबासाहेब आंबेडकरांशिवाय पुरा होत नाही. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी आपली पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्ध चालू होतं, पाणतीराने ती बोट बुडाली आणि पुस्तकं समुद्रात गेली. पुढे याच माणसाने दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते मुख्यत्वे ग्रंथांसाठी. लोक इथवर सांगतात आणि थांबतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं आणि बाबासाहेबांची पुस्तकं त्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. जिवापाड जपलेली पुस्तकं त्यांनी मुलांच्या हाताळणीला दिली. पहिल्या वर्षाच्या मुलाने पानाचा कोपरा दुमडला असेल, पेन्सिलीने रेघ मारली असेल. हे होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय असंच. १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनी ते काढलं, तेव्हा भावे जेमतेम बाविशीचे होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारा हा माणूस जुन्या पोथ्यांच्या शोधात होता. त्याने पोथ्या स्वतःच्या फडताळात कोंडल्या नाहीत, लोकांसाठी संस्था उभारली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४४ मध्ये छापली आणि १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा दुसरा भाग १९६१ मध्ये आणला. आज जुन्या पुस्तकाची चौकशी करणारा प्रत्येक जण ‘दाते सूचीत बघा’ असं ऐकतो. अशी सूची होते ती दारं उघडी असलेल्या ग्रंथालयांमुळे आणि कपाट उघडून दाखवणाऱ्या घरमालकांमुळे. कुलूप लावलेल्या कपाटातलं पुस्तक सूचीत येत नाही. सूचीत नसलेलं पुस्तक काही वर्षांनी असून नसल्यासारखं होतं.

आता उसनवारीकडे येऊ. संस्कृतातलं एक सुभाषित पुस्तकाला पैसा आणि बायको यांच्या पंगतीत बसवतं आणि सांगतं की परक्याच्या हाती गेलेलं परत येत नाही, आलं तर मोडकं-तोडकं. बायकोला त्या यादीत घालणाऱ्याची अक्कल आपण बाजूला ठेवू. पुस्तकाबद्दल मात्र त्याचा अनुभव सच्चा दिसतो. पोथीच्या शेवटी लेखनिक जो श्लोक लिहीत असत, त्यात पोथीच बोलते : मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास खर्च केला आहे, कागद कसा असावा, शाई कशी, अक्षर कसं. म्हणजे ग्रंथ नीट राहावा ही काळजी आपल्या परंपरेत पुरेपूर आहे. पण ‘देऊ नका’ असं पोथी कुठेच म्हणत नाही. मूर्खाला देऊ नका, एवढंच म्हणते. माणूस ओळखण्याची जबाबदारी देणाऱ्यावर.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक यासाठी शंभर पानी वही ठेवतात. आडव्या पानावर पट्टीने आखलेले चार रकाने : नेणाऱ्याचं नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, परत. पहिले तीन रकाने निळ्या शाईत भरलेले, चौथ्यात लाल शाईची बरोबरची खूण. पानं उलटत गेलं की लाल खुणा विरळ होत जातात. काही नावांपुढे लालऐवजी पेन्सिलीने ‘बदली’, ‘पुणे’, ‘लग्न झाले’ असं लिहिलेलं आहे. दोन-तीन ठिकाणी नुसती फुली आहे. ती फुली पुस्तकावर नाही, नेणाऱ्याच्या नावावर आहे. मी विचारलं, ‘सर, हे वारले का?’ तर म्हणाले, ‘छे! रोज भेटतात. पुस्तक मागितलं की विषय बदलतात.’

या वहीचं थोरलं रूप म्हणजे वाचनालयाचं देवघेव खातं. तिथेही तेच चार रकाने आहेत, फक्त सोबत अनामत रक्कम असते आणि विलंबाचा दंड असतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, आणि त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग. वर्गावर अनुदान, अनुदानावर कर्मचाऱ्यांचा तुटपुंजा पगार. या व्यवस्थेला नावं ठेवणं सोपं आहे, पण ओळख-पाळख नसलेल्या माणसाला केवळ अनामत आणि वर्गणीच्या पावतीवर पुस्तक घरी नेऊ देणारी दुसरी व्यवस्था आपल्याकडे नाही.

नाही म्हणायला भाड्याच्या लायब्ऱ्या होत्या. मागावरच्या कामगाराने पाळी संपवून खोलीवर जाताना पातळसं पुस्तक न्यायचं, रात्रीत वाचून दुसऱ्या दिवशी परत करायचं. मराठी वस्त्यांत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, उर्दू वस्त्यांत इब्ने सफी. १९५२ पासून अलाहाबादेहून निघू लागलेली ‘जासूसी दुनिया’ गिरण्या आणि मागांच्या गावांत हातोहात फिरली. ही पुस्तकं कोणी संग्रही ठेवत नसे. म्हणूनच आज ती मिळत नाहीत आणि मिळाली तर दुर्मीळ म्हणून भाव खातात. पन्नास वर्षांपूर्वी पैशा-आण्याला भाड्याने जाणारं पुस्तक आता काचेच्या कपाटात बसतं. संग्राहकांच्या आवडीनिवडीला मी फार मान देत नाही, त्याचं हे एक कारण.

अलीकडे उसनवारीचे नवे प्रकार आले. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदान सुरू केलं : वाचून झालेली पुस्तकं आणा आणि त्या बदल्यात दुसऱ्याची घेऊन जा. माणकोली-मोठागाव पूल २०२४ मध्ये खुला झाल्यापासून भिवंडीच्या वाचकाला डोंबिवली खाडीपलीकडची राहिलेली नाही, तेव्हा जायला हरकत नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आश्रयाने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ चालू केलं. त्यात ग्रंथपेटी एका गटाकडे काही महिने राहते, मग दुसऱ्या गटाकडे जाते. या पेट्या दुबईतल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. साताऱ्याच्या भिलारला ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे लोकांच्या ओसरीवर बसून वाचता येतं. या तिन्ही ठिकाणी पुस्तकावर नाव घातलेलं नसतं, किंवा असलं तरी त्याला अर्थ उरत नाही. आणि वाचणाऱ्याचं काही अडत नाही.

राहिला शेवटचा भाग, ज्यासाठी मी ही प्रस्तावना लिहायला घेतली. पुस्तकं सुटतात कशी?

काही पाणी सोडवतं. २६ जुलै २००५ ला कामवारी नदीने भिवंडीत जे थैमान घातलं त्यात सखल वस्त्यांतली कितीतरी कपाटं छातीपर्यंत बुडाली. ओलं पुस्तक सुकवता येतं, पण गुळगुळीत कागदाचं नाही. त्याची पानं एकमेकांना चिकटून वीट होते. तेव्हापासून खालचा खण रिकामा ठेवणारे किंवा त्यात भांडी ठेवणारे वाचक मला माहीत आहेत. काही पुस्तकं कसर सोडवते. आपली हवा दमट, त्यात पावसाळ्याचे चार महिने कपाट बंद. वेखंड, कडुलिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, सगळं करून पाहिलं तरी पुस्तक अधूनमधून उघडणं यापेक्षा मोठा उपाय नाही.

पण बहुतेक पुस्तकं सोडवतो तो मृत्यू, आणि त्याखालोखाल घराची पुनर्बांधणी. जुना वाडा पडतो, वरच्या मजल्यावर दीड खोली मिळते. मुलगा पुण्यात, मुलगी त्याहून लांब. तेराव्यानंतरच्या रविवारी कपाट उघडलं जातं. मुलांचं चुकतं असं मला वाटत नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की यातलं काय ठेवायचं, काय कुणाला द्यायचं. वडिलांनी पन्नास वर्षं पुस्तकं घेतली, पण एका कागदावर चार ओळी लिहिल्या नाहीत. मग मुलं आधी वाचनालयाला फोन करतात.

वाचनालय ‘नाही’ म्हणतं आणि घरच्यांना राग येतो. तो राग अनाठायी आहे. भेट आलेलं पुस्तक सरळ मांडणीवर जात नाही. ते दाखल नोंदवहीत चढतं, त्याला दाखल क्रमांक पडतो, ठरलेल्या पानांवर शिक्का बसतो, वर्गीकरण होतं, पाठीला चिठ्ठी लागते. एकदा नोंदलेलं पुस्तक हरवलं, फाटलं तरी ते तसंच बाद करता येत नाही, निर्लेखनाची रीतसर यादी आणि मंजुरी लागते. म्हणून शहाणा ग्रंथपाल आधीच विचार करतो. ‘मृत्युंजय’च्या आणखी चार प्रती त्याला नको असतात, त्याच्याकडे त्या आहेतच. कसर लागलेला गठ्ठा तर त्याला दारातही नको असतो, कारण एका पोत्यातून ती अख्ख्या दालनात पसरते. त्याला हवं असतं ते गावचं : जुन्या नगरपालिकेचा अहवाल, शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका, स्थानिक कवीचा स्वखर्चाने छापलेला संग्रह, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक. नेमकं हेच घरच्यांनी ‘हे काय, फुकट वाटलेलं’ म्हणून आधीच बाजूला काढलेलं असतं.

मग येतो रद्दीवाला. तो पुस्तक हातात घेतो ते वाचायला नाही, पुठ्ठा बघायला. बांधीव पुस्तकाचा पुठ्ठा एका झटक्यात ओढून वेगळा करतो, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा, आतल्या कागदाचा वेगळा. पहिलं पान पुठ्ठ्याबरोबर फाटून येतं. त्याच पानावर ‘सप्रेम भेट’ असतं, लग्नाची तारीख असते, मामा-मामींचं नाव असतं, कधी लेखकाची सही असते. आतून एसटीचं तिकीट, वाळलेलं पान, परीक्षेचं वेळापत्रक खाली पडतं. काटा होतो, पैसे हातावर येतात, टेम्पो निघतो. त्यातली थोडी पुस्तकं हुशार रद्दीवाला बाजूला ठेवतो. ती मुंबईत फोर्टच्या पदपथावर किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात पोचतात आणि तिथून पुन्हा एखाद्या ग्रंथप्रेमीच्या पिशवीत जातात. बाकीची लगद्याला. ज्याला आपण ‘दुर्मीळ प्रत सापडली’ म्हणतो, ती बहुधा कुणाच्या तरी तेराव्यानंतरच्या रविवारी सुटलेली प्रत असते. हे सापडणाऱ्याने एकदा तरी आठवावं.

पुस्तक लांबच्या माणसाला पाठवून द्यावं म्हटलं तर मध्यंतरी तेही अवघड झालं होतं. टपाल खात्याची नोंदणीकृत पुस्तकांसाठीची स्वस्त सोय २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली. छोटे प्रकाशक, अनियतकालिकं चालवणारे आणि मित्राला पुस्तक पाठवणारे वाचक, सगळ्यांचीच त्यात पंचाईत झाली. भिवंडीच्या गोदामातून नवं पुस्तक दोन दिवसांत कुठेही जातं, पण तेव्हा भिवंडीच्या घरातून जुनं पुस्तक सांगलीला पाठवायचं तर पुस्तकाच्या किमतीपेक्षा कुरिअरचे पैसे जास्त व्हायचे.

म्हणून वाचकाला काही सुचवतो. तुमच्या पुस्तकांची यादी करा. सगळ्यांची होत नसेल तर ज्यांच्याबद्दल काही वाटतं तेवढ्यांची करा. यादीत एक रकाना ठेवा : हे कुणाला. तिथे माणसाचं किंवा संस्थेचं नाव लिहा आणि त्या माणसाला ते आजच सांगा. शक्य असेल तर देऊनच टाका, घेणारा वाचताना तुम्हाला दिसेल. गावाबद्दलचं जे काही छापील असेल ते वेगळ्या गठ्ठ्यात बांधून वर ठळक लिहा की हे रद्दीत जाऊ नये. वाचनालयात जाताना रिक्षा भरून पोती नेऊ नका, यादी न्या. ग्रंथपाल खुणा करील तेवढीच पुस्तकं नेऊन द्या आणि ती कुठे ठेवली हे विचारायला पुन्हा पुन्हा जाऊ नका. उर्दू, तेलुगू, गुजराती पुस्तक हाती आलं आणि लिपी येत नसेल तर रद्दीत टाकण्याआधी शेजारच्या आळीत विचारा. भिवंडीत तेवढ्यासाठी दोन गल्ल्यांपलीकडे जावं लागत नाही.

आणि ज्यांच्या कपाटात दुसऱ्याचं नाव घातलेलं पुस्तक आहे, त्यांनी हे पान संपलं की आधी त्या माणसाला फोन करावा. पुढचे लेख उद्या वाचले तरी चालतील.